जुन्या गाडीचा भेगाळलेला रंग: पॉलिशचा डबा उघडण्याआधी हे वाचा

जुन्या गाडीच्या बॉनेटवर किंवा टपावर बारीक भेगांचं जाळं दिसायला लागलं की पहिल्यांदा पॉलिश आठवतं. त्याने भागलं नाही की "वरून एक हात मारून घेऊ" असं वाटतं. भेगांवर यातलं काहीच चालत नाही. पॉलिशने भेग भरत नाही, उलट पांढरं कंपाउंड (रंग घासून चमकवायचा लेप) तिच्यात जाऊन सुकतं आणि आधी जेमतेम दिसणारी रेघ ठळक होते. वरून नवा रंग मारला तर तो महिना-दोन महिने छान दिसतो आणि मग जुनीच भेग त्याच जागी नव्या रंगातून वर येते. खालचा थर उन्हात तापून आणि थंडीत आकसून हलत राहतो, त्यामुळे वरचा थर त्याच रेषेवर फाटतो.

माझ्याही जुन्या गाडीचं बॉनेट आणि टप भेगाळले होते. ते मी पत्र्यापर्यंत उतरवून पुन्हा उभे केले आहेत. या सगळ्या कामातून एक गोष्ट पक्की कळली: भेग जिथे संपते तिथपर्यंत खाली जायचं आणि तिथून वर यायचं. ती कुठे संपते हे कळेपर्यंत पैसे खर्च करू नका.

१. गाडीवर कोणते थर आहेत ते समजून घ्या

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक प्राइमर असतो. आधुनिक गाड्यांत तो गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून, विजेच्या मदतीने बसवलेला असतो. त्यावर दुसरा प्राइमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे चकाकी देणारा पारदर्शक थर. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाच्या आसपास. त्यात क्लिअरचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉन. घासायला किती कमी माल आहे याचा अंदाज यावरून येईल.

बऱ्याच जुन्या गाड्यांना क्लिअर नसतोच, रंगालाच चकाकी असते. अशा रंगाला सिंगल स्टेज म्हणतात. त्याचं वागणं वेगळं असतं: तो खडूसारखा पांढरट पडतो, पण पॉलिशने बराचसा परत येतो.

२. आजार ओळखा

फिका पडणं, सोलणं, फुगणं आणि भेगाळणं ही चार वेगळी दुखणी आहेत.

फिक्या रंगावरून हात फिरवला की बोटांना भुकटी लागते. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरची पातळ त्वचा मेलेली असते, खालचा रंग ठणठणीत असतो. कंपाउंड आणि पॉलिशने काम होतं.

क्लिअर सोलला असेल तर पांढऱ्या कडांचे बेट दिसतात आणि नखाने पापुद्रे निघतात. याला पॉलिश नाही आणि नुसता नवा क्लिअरही नाही, कारण जुन्या क्लिअरची कड नव्याखालून दिसत राहते आणि पुढे तिथूनच तो परत उचलला जातो.

फुगे म्हणजे बहुतेक वेळा खालून गंज. फुगा जेवढा दिसतो त्यापेक्षा गंज मोठा असतो, असंच धरून चाला.

भेगांची कारणं अनेक. जुने लॅकर (नुसतं थिनर उडून सुकणारे जुन्या पद्धतीचे रंग) वयोमानाने कडक होऊन तडकतात. त्याहून जास्त वेळा दिसतं ते म्हणजे रंगावर रंग चढवत नेलेला जाड थर. प्राइमर पुरता सुकायच्या आत रंग मारणं, हार्डनरचं (रंग पिकवायला त्यात मिसळायच्या रसायनाचं) प्रमाण चुकणं किंवा जुन्या लांबीवर (खळगे भरायच्या पुट्टीवर) नको तेवढा भरवसा ठेवणं हीसुद्धा नेहमीची कारणं. लांबीची भेग ओळखायला सोपी असते. ती एकटी, लांब आणि ठोकलेल्या जागेच्या कडेने जाणारी असते. रंग म्हातारा झाल्याची भेग मात्र जाळीसारखी पसरते आणि आडव्या पृष्ठभागांवर, म्हणजे बॉनेट, टप आणि डिक्कीवर आधी येते.

३. चाचण्या करा

या चाचण्यांना अर्धा तास पुरतो आणि पुढचा सगळा निर्णय त्यांच्यावर ठरतो.

*पांढरं फडकं.* थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर सिंगल स्टेज, नाही आला तर वर क्लिअर आहे.

*टेप.* चांगली चिकट टेप भेगांवर दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. टेपला रंगाचे तुकडे चिकटून आले तर रंगाने खालची पकड सोडली आहे. तो भाग दुरुस्त करता येत नाही, उतरवावाच लागतो.

*ओलं पुसणं.* ही माझी आवडती चाचणी. वॅक्स आणि ग्रीस काढणारं क्लीनर फडक्यावर घेऊन भाग ओला करा आणि लगेच डोळे जवळ नेऊन बघत राहा. पृष्ठभाग आधी सुकतो, पण भेगांत शिरलेलं क्लीनर क्षणभर तसंच राहतं आणि प्रत्येक भेग काळ्या रेघेसारखी उठून दिसते. एरवी दिसत नव्हत्या अशा भेगाही दिसतात. खडूने त्यांच्या हद्दीवर खूण करा. हद्द तुमच्या अंदाजापेक्षा लांब जाईल.

*थिनर.* डोअरच्या आतल्या बाजूला नाही, तर ज्या भागावर काम करायचं आहे त्याच भागाच्या कोपऱ्यात थिनरमध्ये भिजवलेला बोळा मिनिटभर धरा. रंग मऊ पडला किंवा विरघळला तर खाली जुना लॅकर किंवा न पिकलेला रंग आहे. त्यावर हार्डनरवाला आधुनिक प्राइमर मारला तर सुरकुत्या पडण्याचा धोका असतो.

*चुंबक किंवा गेज.* पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे खाली लांबी आहे. रंगाची जाडी मोजणारं गेज मिळालं तर उत्तम. ३०० मायक्रॉनच्या वर आकडा गेला तर गाडी एकदा तरी रंगवलेली आहे. हजाराच्या आसपास गेला तर लांबीच समजा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चुंबक चालत नाही आणि गेजही त्या धातूला चालणारं हवं.

४. किती खोल जायचं ते ठरवा

नुसता फिकेपणा असेल तर कंपाउंड, पॉलिश, वॅक्स, आणि विषय संपला. कडांवर आणि पत्र्याच्या उठावांवर मास्किंग टेप लावा, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो.

भेगा फक्त वरच्या थरात असतील आणि टेप चाचणीत रंग टिकला असेल, तर घासत खाली जा आणि भेगा पूर्ण संपल्या की थांबा. मूळ कारखान्याचा प्राइमर शाबूत मिळाला तर तो ठेवा. पत्र्याला इतका घट्ट धरणारा थर तुम्हाला गॅरेजमध्ये पुन्हा बनवता येणार नाही.

भेगा पत्र्यापर्यंत गेल्या असतील, पापुद्रे निघत असतील किंवा खाली तीन-चार रंगकामं साचलेली असतील, तर पत्रा उघडा करण्याला पर्याय नाही. अर्धवट काढून वेळ वाचत नाही.

आणखी एक वाट आहे, तिचा विचार जरूर करा. गाडी खूप जुनी आणि मूळ रंगातली असेल, भेगांखाली गंज नसेल, तर तिला तसंच ठेवा. मूळ रंग एकदाच असतो. हलक्या हाताने धुणं, उघड्या पडलेल्या पत्र्याला टचअप आणि पांढरा साका न ठेवणारं पातळ वॅक्स एवढ्यावर अशी गाडी अनेक वर्षं काढते. मला तर भेगांसकट जपलेली मूळ गाडी वाईट पद्धतीने रंगवलेल्या चकचकीत गाडीपेक्षा कितीतरी जास्त आवडते.

५. स्वतः करायचं की पेंटरकडे द्यायचं

उतरवणं, घासणं, गंज काढणं हे वेळखाऊ पण घरी जमणारं काम आहे. हार्डनरवाला रंग आणि क्लिअर स्प्रे करणं मात्र मी घरी करू नका असं स्पष्ट सांगेन. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासात गेल्याने कायमचा दमा जडू शकतो. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. त्याचा वास येईल आणि आपण सावध होऊ असंही नाही, वास येईपर्यंत सुरक्षित मर्यादा ओलांडलेली असते. त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. कापडी किंवा साधा धुळीचा मास्क इथे निरुपयोगी. हार्डनर आतच भरलेले स्प्रे कॅन मिळतात, त्यांनाही हेच लागू.

म्हणून मधला मार्ग चांगला: तयारी तुम्ही करा, स्प्रे गन पेंटरला मारू द्या. फक्त काम सुरू करण्याआधी त्याच्याशी बोला, कारण काही पेंटर दुसऱ्याने केलेल्या तयारीवर रंगाची हमी देत नाहीत.

सगळं काम बाहेर देणार असाल तर या गोष्टी लेखी घ्या:

- कोणते पॅनल, आणि प्रत्येक पॅनल किती खोल उतरवणार (फक्त "पेंटिंग" असा शब्द नको)
- उघड्या पत्र्यावर कोणता प्राइमर
- रंग आणि क्लिअर कोणत्या कंपनीचे, किती कोट
- काच, रबर, हँडल, दिवे काढून रंगवणार की टेप लावून
- प्राइमर मारण्याआधी तुम्हाला बोलावणार का

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. प्राइमर चढला की खाली काय होतं हे कोणालाच दिसत नाही. जाऊन बघा, फोटो काढा.

कागदपत्रांत रंगाचा कोड हवा. तो दाराच्या चौकटीवर, बॉनेटखाली किंवा डिक्कीत लावलेल्या पट्टीवर असतो. जागा कंपनीप्रमाणे बदलते. गाडीचा रंगच बदलणार असाल तर नोंदणीच्या कागदावर तशी नोंद करावी लागते का ते आधी विचारून घ्या, अनेक देशांत ती सक्तीची आहे. विम्याकडून फार आशा ठेवू नका. वयाने खराब झालेला रंग झीज म्हणून धरला जातो आणि झीज सहसा विम्यात बसत नाही.

६. सामान

- ८०, १८०, ३२० नंबरचे कोरडे पेपर. ४००, ६००, ८०० चे वॉटर पेपर (नंबर मोठा तितका पेपर बारीक)
- सपाट रबरी ब्लॉक, जमलं तर डीए सँडर (गोल फिरत घासणारं मशीन)
- एकधारी ब्लेड आणि ते धरायचा होल्डर
- वॅक्स-ग्रीस क्लीनर आणि भरपूर स्वच्छ, धागे न सुटणारी फडकी
- गंज काढायचा वायर ब्रश, फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजरोधक द्रावण
- इपॉक्सी प्राइमर, टू-के सरफेसर (हार्डनर मिसळून मारायचा, घासून सपाट करायचा जाड प्राइमर), पॉलिस्टर लांबी
- चांगल्या प्रतीची मास्किंग टेप
- नायट्राइल हातमोजे, चष्मा, बारीक धूळ अडवणारा मास्क

मास्किंग टेपवर पैसे वाचवू नका. स्वस्त टेप उन्हात एक दिवस राहिली की तिचा गोंद गाडीवरच राहतो.

७. आधी धुवा, मग पुसा, मगच घासा

हा क्रम मोडू नका. जुन्या गाडीवर वर्षानुवर्षांचं वॅक्स आणि सिलिकॉन बसलेलं असतं. न पुसता पेपर मारला तर ते ओरखड्यांमधून खाली दाबलं जातं, आणि रंग मारताना रंग मागे सरून मध्ये गोल खड्डे पडतात. ज्यांना फिश आय म्हणतात ते हेच. क्लीनर वापरताना दोन फडकी घ्या: एकाने ओलं करायचं, ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. नुसतं पुसून सुकू दिलं तर तेल तिथेच पसरून राहतं. जवळपास कुठेही सिलिकॉनचा टायर किंवा डॅशबोर्ड स्प्रे मारू नका.

८. भेगाळलेला थर काढा

सगळ्या कामात जीव इथे ओता.

जाड, कडक, भेगाळलेला रंग असेल तर पेपरच्या आधी ब्लेड लावून बघा. ब्लेड पत्र्याला जवळजवळ समांतर धरायचं आणि भेगेच्या कडेखाली सरकवायचं. पकड सुटलेला रंग खपल्यांनी निघतो. धूळ होत नाही, पेपर वाया जात नाही, पत्रा तापत नाही. जिथे ब्लेड अडतं तिथे रंग अजून घट्ट आहे, तिथे जोर करू नका, पत्र्याला चरा पडेल.

उरलेल्यासाठी ८० नंबर. ग्राइंडरवर जाड चकती लावून एका जागी रेंगाळू नका. बॉनेट आणि टपाचा सपाट पत्रा तापून वाकतो आणि मग दाबला की टक-टक वाजतो. तो सरळ करणं रंगापेक्षा मोठं काम आहे. सँड ब्लास्टिंगनेही सपाट पत्र्यावर हाच धोका असतो. रंग उतरवायचं रसायन वापरणार असाल तर मोकळ्या हवेतच. डायक्लोरोमिथेनवाल्या रसायनांच्या वाफेने बंद जागेत माणसं दगावली आहेत. शिवाय जोडांच्या फटीत राहिलेलं रसायन महिन्यांनी बाहेर येऊन नवा रंग उचलतं, म्हणून कडेपासून बोटभर आत थांबा आणि कडा हाताने घासा. प्लास्टिक आणि फायबरला ते लावूच नका.

जुन्या रंगात, खासकरून लाल, पिवळ्या आणि केशरी छटांत, शिसं असू शकतं. शंका असेल तर पाणी वापरून घासा, कचरा गोळा करून वेगळा टाका आणि मुलांना तिथे येऊ देऊ नका.

आता कड मारणं. उतरवलेला भाग आणि शाबूत रंग यांच्यामध्ये पायरी राहता कामा नये. १८० आणि मग ३२० ने ती उतरती करत न्या. नीट उतरली की प्रत्येक थराचा वेगळा पट्टा दिसतो: मधोमध पत्रा, त्याभोवती करडा प्राइमर, मग मूळ रंग, मग नंतर कोणी मारलेला रंग, शेवटी क्लिअर. नकाशावरच्या उंचीच्या रेषा असतात तसे हे पट्टे एकाबाहेर एक पसरतात. प्रत्येक पट्टा दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवा. पट्टे अरुंद असतील तर पायरी अजून उभी आहे.

डोळ्यांवर विसंबू नका. तळहाताखाली पातळ फडकं ठेवून, डोळे मिटून हात लांबवर फिरवा. बोटांना जे लागतं तेच उद्या चकाकीत दिसणार असतं. मग पुन्हा ओलं पुसण्याची चाचणी करा. एक जरी काळी रेघ दिसली तरी आणखी घासा.

९. गंज, प्राइमर, लांबी

गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा. खड्ड्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांसाठी फॉस्फोरिकवालं द्रावण लावा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुवा किंवा निष्प्रभ करा. ते तसंच राहिलं तर इपॉक्सी नीट पिकत नाही. पत्र्याला आरपार छिद्र असेल तर तिथे लांबी थापू नका, पत्रा जोडून घ्या.

उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. दमट हवेत काही तासांत त्यावर तांबूस झाक येते. जेवढं त्याच दिवशी प्राइमर करता येईल तेवढंच उघडा. उघड्या हाताने शिवू नका, घामाच्या ठशावरही गंज धरतो.

पत्र्यावर इपॉक्सी प्राइमर हा माझा ठाम कौल. तोही हार्डनरचाच असतो. अनेक इपॉक्सींच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नसतं, तरी त्याची वाफ अंगाला चांगली नाही, म्हणून माहितीपत्रक वाचून योग्य मास्क घाला. इपॉक्सी पिकला की त्यावर पॉलिस्टर लांबी चालते. ॲसिडवाल्या एच (etch) प्राइमरवर लांबी चालत नाही, ती पकड सोडते. लांबी पातळ ठेवा, दोन-तीन मिलिमीटरहून जाड लागत असेल तर आधी डेंट काढून घ्या. हार्डनर अंदाजाने कमी-जास्त करू नका; जास्त झाला तर तो वरच्या रंगात डाग म्हणून उतरतो.

मग सरफेसर (तोही हार्डनरवाला, म्हणून पेंटरलाच मारू द्या), त्यावर वेगळ्या रंगाचा हलका गाइड कोट, आणि ब्लॉकवर ४०० ने घासणं. गाइड कोट जिथे उरतो तिथे खळगा आहे, आणि बारीक रेघेत उरला तर भेग अजून जिवंत आहे.

दोन थरांमध्ये किती थांबायचं ते माहितीपत्रकावर दिलेलं असतं. तेच पाळा, ओळखीच्यांचं ऐकू नका. पुढची भेग बहुतेक इथल्या घाईतच जन्माला येते.

१०. रंग आणि क्लिअर

रंगाआधीचा शेवटचा पेपर ६००, मेटॅलिकला ८००. कोड बरोबर असला तरी छटा जुळेलच असं नाही, कारण तुमच्या गाडीचा रंग इतकी वर्षं ऊन खातो आहे. पेंटरला एका पट्टीवर रंग आणि क्लिअर मारून दिवसाच्या उजेडात गाडीला लावून बघायला सांगा. मेटॅलिकमध्ये एकच दार बदलून जुळवणं जवळजवळ अशक्य असतं. शेजारच्या पॅनलवर शेड विरवत नेणं आणि त्या पूर्ण पॅनलला क्लिअर देणं हाच उपाय. पेंटरने त्याचा खर्च सांगितला तर तो फसवत नाही, बरोबर काम सुचवतो आहे.

फार थंड किंवा फार दमट दिवशी रंग मारू नका. २० अंशांच्या आसपासचं तापमान सोयीचं.

११. रंग झाल्यावर

गाडी चकाकली तरी रंग आतून पिकत असतो. बेक केला (भट्टीत तापवून पिकवला) नसेल तर पहिला महिना तरी वॅक्स लावू नका, बाहेर निघणारे द्रव अडकतात. कंपनीने जास्त मुदत दिली असेल तर ती पाळा. ब्रशवाल्या मशीनवर धुऊ नका. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक त्याच दिवशी भरपूर पाण्याने काढा, कोरडं खरवडू नका.

उरलेला रंग पेंटरकडून मागून घ्या. हार्डनर न मिसळलेला बेस कोट (क्लिअरखालचा रंग) काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद केला की टचअपला कामी येतो. बाटलीवर रंगाचा कोड, तारीख आणि पट्टीवर जुळवताना पेंटरने त्यात काय वाढवलं ते लिहून ठेवा.